वराच्या रकान्यात छत्रीवाला

विवाह नोंदणी कचेरीच्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथे टेबल, टाइपरायटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं मांडून जो माणूस बसतो, त्याला अख्खी कचेरी साक्षीकाका म्हणते. काम फॉर्म भरून देण्याचं. पण एखादं जोडपं घाईत आलं, किंवा त्यांचा साक्षीदार झोपून राहिला, की काका पेन खिशाला लावून त्यांच्याबरोबर वर जायचे आणि साक्षीदार म्हणून सही ठोकून यायचे. एकोणतीस वर्षांत अशा सह्या किती झाल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही.

सहीबरोबर सल्ला मिळायचा, तोही न मागता. नवे बूट लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, चार दिवस घरात घालून फिरा, नाहीतर सगळ्या फोटोंत तोंड वाकडं येतं. दोघांचेही फोन दिवसभर तिसऱ्याच कुणाकडे तरी द्या. प्रत्येक घरात एक चिडका नातेवाईक असतोच, त्याला हॉलच्या किल्ल्या सांभाळायला द्या, म्हणजे तो रागावून कुठे जात नाही. पिशवीत सुईदोरा ठेवा. पोटात काहीतरी घालून या, कारण रांगेत नवऱ्यामुली कमी आणि नवरेच जास्त चक्कर येऊन पडतात. नोंद झाल्या दिवशीच दाखल्याची नक्कल घ्या, उद्यावर टाकू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सही कुठे करायची तिथे आधी बोट ठेवा, मग पेन उघडा. हे शेवटचं सांगताना काका स्वतःचं बोट वर करून दाखवायचे. जोडपी मुकाट ऐकून घ्यायची, कारण फॉर्म काकांच्या हातात असायचा.

आता बोला, असल्या माणसाच्या घरी लग्न निघालं तर काय होणार? काकांच्या एकुलत्या एका लेकीचं ठरलं आणि काकांच्या अंगात बळ संचारलं. लेकीने मात्र पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं की बाबा, सल्ले गिऱ्हाइकांना द्या, मला फक्त कागद आणून द्या. कागदांत एक होता आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला. मुलीचं लग्न अठरा दिवसांवर आलेलं. काका म्हणाले, त्यात काय, माझीच कचेरी आहे. खरी गंमत अशी, की जगाला त्याच दिवशी नक्कल घ्यायला लावणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या लग्नाची नक्कल सत्तावीस वर्षांत घेतली नव्हती. रोज इथेच तर असतो, कधीही घेऊ, असं म्हणत राहिले.

खिडकी नंबर दोनच्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान उलटलं आणि एक ओळ दोनदा वाचली. मग रजिस्टर फिरवून काकांसमोर ठेवलं. वधूच्या रकान्यात काकांच्या बायकोची सही होती, कोवळी आणि थोडी वर चढलेली. साक्षीदाराच्या रकान्यात काकांची होती, एकदम झोकदार. आणि वराच्या रकान्यात, शाळेतल्या मुलासारख्या जपून काढलेल्या अक्षरांत, समोरच्या भिंतीशी बसून छत्र्या दुरुस्त करणाऱ्या छत्रीवाल्याची होती.

काय झालं होतं ते काकांना तिथेच उभ्याउभ्या आठवलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी दोन जोडप्यांना साक्ष देऊन ते स्वतःच्या लग्नाला वर गेले होते. रजिस्टर पुढे आलं आणि हात सवयीने आपल्या नेहमीच्या जागी खाली गेला. त्यांचा साक्षीदार होता छत्रीवाला. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी रजिस्टर पाहिलेलं नाही. एकच जागा रिकामी दिसली, तिथे त्याने सही केली. तेव्हाचे साहेब जेवायच्या घाईत होते, त्यांनी सह्या बघून खाली नावं लिहून टाकली आणि शिक्का मारला.

“बाई, ही चूक दुरुस्त करून द्या,” काका म्हणाले.

“काका, दुरुस्ती अक्षराची होते,” बाई म्हणाल्या, “नवऱ्याची होत नाही.”

मार्ग एकच होता. जुनी नोंद तिघांच्या सहीने रद्द करायची आणि नव्याने लग्न करायचं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांना बोट दाखवून दाखवून ज्याचं बोट झिजलं, त्याच्याच पेनाने दगा दिला होता.

छत्रीवाल्याला सांगितलं तेव्हा तो एक काडी तारेने बांधत होता. त्याने ती पुरी बांधली, छत्री मिटली, आणि सत्तावीस वर्षं आपण विवाहित आहोत हे ऐकून घेतलं. तो एकटा माणूस, मुळात गंभीर. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कापड घातलेली एक छत्री घेऊन तो काकांच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत घरासाठी एक वस्तू आणली नाही, असं म्हणाला. काकांच्या बायकोला तो जन्मभर वहिनी म्हणत आलेला, पण त्या दिवशी त्याची जीभ अडली. बायकोला वहिनी म्हणणं बरं दिसत नाही, आणि नावाने हाक मारायची तर ओळख तेवढी नाही. शेवटी त्याने नुसतंच “अं” म्हणून छत्री पुढे केली.

काकू कपडे कमीजास्त करून देण्याच्या दुकानात बसतात. कंबर घेणं, बाही उसवणं, लग्नाचे कपडे शेवटच्या आठवड्यात सैल करून देणं हे त्यांचं काम. काकांनी हकीगत सांगितली तेव्हा त्या हसतील असं काकांना वाटलं होतं. काकू हसल्या नाहीत. दात लावून दोरा तोडला आणि पुढची बाही घेतली.

रद्द करायच्या अर्जावर छत्रीवाल्याने कारण लिहिलं, ‘एकदाही भांडण झालं नाही.’ खिडकीतल्या बाईंनी ते परत पाठवलं, हे कारण होत नाही म्हणाल्या. मग त्याने लिहिलं, ‘लग्न झाल्याचं मला कळवण्यात आलं नव्हतं.’ ते चाललं. काकूंनी मात्र अर्ज वाचलासुद्धा नाही, लगेच सही केली. काका खूश होऊन त्यांच्या पुढ्यात नव्या लग्नाचा फॉर्म ठेवणार, तेवढ्यात काकूंनी तो घडी घालून बटणांच्या डब्यात टाकला. विचार करून सांगते, म्हणाल्या. काका चाट पडले. त्यांना वाटत होतं की काम झालं, आणि इकडे बाईमाणूस सत्तावीस वर्षांनी कागदोपत्री मोकळी झाली होती.

घरात तसं काहीच बदललं नाही. भाजी निवडली जात होती, धुतलेले कपडे घड्या होऊन कपाटात जात होते. पण जिन्यात नवीन बिऱ्हाडकरू भेटले तेव्हा काकूंनी काकांची ओळख ‘हे आमच्याकडे राहतात’ अशी करून दिली. काकांनी ते ऐकलं आणि चपला घालायच्या विसरून खाली गेले. लग्न आठ दिवसांवर आलं, तरी डबा उघडेना. लेक रोज विचारायची, कागद झाला का. काका म्हणायचे, आईला विचार. आईला विचारलं की आई म्हणायची, त्यांनी मला अजून काही विचारलेलंच नाही.

हे काकांच्या डोक्यात शिरायला तीन दिवस लागले. मग एका संध्याकाळी धीर करून त्यांनी विषय काढला, आणि काढला तोही असा, की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. फॉर्मच्या मुदतीपासून सुरुवात केली, लेकीच्या नोंदणीची अडचण सांगितली, कचेरीच्या सुट्ट्या मोजून दाखवल्या, शेवटी फोटोचं माप सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“रजिस्टरमध्ये काही चुकलेलं नाही,” काकू म्हणाल्या. “तुमची सही बरोबर जागी आहे. तुमची आई मला बोलत होती तेव्हा तुम्ही दारात उभे. पोरीचं ॲडमिशन, हे घर, माझं ऑपरेशन, प्रत्येक वेळी तुम्ही हजर. बघायला. सत्तावीस वर्षं या घरात साक्षीदारच राहत होता. मग लग्न कुणाशी करू मी?”

 काकांना वाटलं होतं आपण शांत स्वभावाचे आहोत. भांडणात पडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आपण असलो म्हणजे झालं. असणं हेच त्यांनी आयुष्यभर काम समजलं होतं, कारण कचेरीत ते काम समजलं जात होतं. बायको खरं बोलत होती आणि त्याहून वाईट म्हणजे हळू आवाजात बोलत होती. 

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, काकू टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत बटणांचा डबा. अनोळखी माणसासारखं त्यांनी विचारलं, “मला लग्न करायचंय. काय काय लक्षात ठेवायचं असतं?”

हजारो जोडप्यांना घडाघडा ऐकवलेलं सगळं काकांच्या तोंडाशी आलं. बूट आले, किल्ल्या आल्या, सुईदोरा आला. काकांनी ते सगळं गिळलं. समोर छत्रीवाला कान टवकारून बसला होता आणि खिडकी नंबर दोन अर्धी उघडी होती, तिकडे त्यांनी बघितलं नाही.

“तू दुकानातून येतेस,” काका म्हणाले, “तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतेस. ते मला आत ऐकू येतं. मग मी चहाचं आधण ठेवतो. तू नाही म्हणालीस तर ते कधी ठेवायचं मला कळायचं नाही.”

“म्हणजे इथेही तुम्ही नुसतं ऐकलंतच,” काकू म्हणाल्या. “ही पण साक्षच झाली.”

 काका उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूच्या दुसऱ्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, येऊन बसले. एकोणतीस वर्षांत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते.

“आता पिशवी घ्यायला मी खाली येईन,” ते म्हणाले. “आई बोलत होती तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोललो, घाबरलो होतो. मला तू पाहिजेस. दाखल्यासाठी नाही, पोरीसाठी नाही. मलाच पाहिजेस. करशील का माझ्याशी लग्न?”

 हे तुमच्या कुठल्या सल्ल्यात आहे, असं काकूंनी विचारलं. कुठल्याच नाही, काका म्हणाले. मग काकूंनी डबा उघडला, बटणं बाजूला सारून फॉर्म काढला, आणि घडीच्या रेघा तळहाताने दाबून सपाट केल्या.

नोंदणी त्याच आठवड्यात, लेकीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी झाली. छत्रीवाला न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आला, आणि दारातच त्याने मोकळ्या आवाजात “वहिनी” अशी हाक मारली. आता साक्षीदार दोन लागतात, दुसरी लेक. आई-बापाच्या लग्नाला साक्ष देणारी ही पहिलीच मुलगी, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि पुढे झुकून बघत राहिल्या. वधूच्या रकान्यात काकूंची सही झाली, या वेळी सरळ. रजिस्टर काकांकडे आलं. काकांनी पेन उघडलं, बोट ठेवायचं विसरले, आणि काय सांगावं, हात आपसूक खाली सरकायला लागला. 

काकूंनी पर्समधून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला. पुढे वाकून वराच्या रकान्यात त्यांनी एक छोटी फुली मारली, बाहीवर मारतात तशीच.

“इथे,” त्या म्हणाल्या. “मापाने.”

काकांनी त्या फुलीवर सही केली. तो निळा खडू अजून त्या पानावर आहे, बाईंनी पुसू दिला नाही. जोडपी अजूनही टेबलाशी येतात, काका अजूनही फॉर्म भरतात, पण सल्ला एकच देतात. एकमेकांना विचारलंत का, असं विचारतात. हो म्हटलं की म्हणतात, माझ्यासमोर परत विचारा. आणि संध्याकाळी सहा वाजता, समोर कितीही रांग असली तरी, टाइपरायटरवर कापड टाकून उठतात, कारण दुसऱ्या मजल्यावर पिशवी घ्यायला जायचं असतं.