पंडुमाआधीची भाजी

"चौथी झाली की तिले आश्रमशाळेत टाका, असं मीच म्हणतो. पण तिथी तिले ताप आला तं ती सांगन कोणाले?" गुरुजींनी विचारलं.

मुलीचे वडील शाळेच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "मी तेच तं म्हणून राह्यलो. बोलत नाई तं कायले पाठवा? घरी बकऱ्या हायेत."

मी आत वर्गात रंगीत कागद कापत होते आणि सगळं ऐकू येत होतं. ती मुलगीही ऐकत होती. खिडकीखाली बसून ती वालाच्या वेलाला पाणी घालत होती. तिने मान वर केली नाही.

ही शाळा अहेरीपासून आत, जंगलातल्या एका लहान गावात आहे. चौथीपर्यंतच वर्ग, एकच खोली आणि एक व्हरांडा. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामीच असते, म्हणून गुरुजीच मुख्याध्यापक, गुरुजीच चारही वर्गांचे शिक्षक. ते अहेरीचे, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मी अहेरीच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. माझं गाव चंद्रपूरकडचं, मूल तालुक्यातलं, धानाचं. कॉलेजातल्या काही मुली दर शनिवारी गावांमधल्या शाळांत उपक्रम घ्यायला जायच्या, त्यांत मी नाव दिलं. कारण सांगायला थोडं संकोचल्यासारखं होतं. वर्गात हात वर करून प्रश्न विचारणं मला जमत नाही. लहान मुलांसमोर तरी बोलता येईल, असं वाटलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची असते आणि मुलं दप्तर आणत नाहीत. मी फाट्यापर्यंत बसने जायची. फाट्यावरच्या पानठेल्यावर गुरुजींची जुनी सायकल ठेवलेली असायची, ती घेऊन नाल्यातून पलीकडे. मग गाणी, गोष्टी, मातीची भांडी, पानांचे प्राणी. वाचनात मागे असलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसायचं. सर्वात शेवटी परसबाग. कुंपणाला वाल, मधे वांगी, टमाटर, आणि हातपंपाचं सांडलेलं पाणी जाईल तिथे पालक. शाळेच्या खिचडीत ताजी भाजी पडावी म्हणून ही बाग होती.

मुलांची घरची बोली गोंडी. पहिलीच्या मुलांना माझं मराठी अर्धंच कळायचं, म्हणून मोठ्या मुलांनी मला शब्द शिकवायचा खेळ काढला. पाण्याला येर, खा म्हणजे तिन, खाऊ नको म्हणजे तिनमा. मी चुकले की सगळे हसायचे. ती मुलगी हसायची, पण तोंडावर हात ठेवून, आवाज न करता.

ती मुकी नव्हती. पहिलीपासून आता चौथीपर्यंत ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती, एवढंच. वहीत सगळं बरोबर लिहायची. हजेरीला हात वर करायची. हो म्हणायचं असेल तर भुवया उचलायची. एकदा मी शाळेमागे गेले तर ती कुंपणात शिरलेल्या बकरीला असं काही ओरडत होती की बकरीबरोबर मीही दचकले. मला पाहिलं आणि ती गप्प झाली.

मी बरेच उपाय केले. कागदाच्या बाहुल्या केल्या, म्हटलं बाहुली बोलेल. बाहुलीही बोलली नाही. कानात सांग म्हटलं, तर ती कानाशी आली, श्वास सोडला आणि परत गेली. वेल मात्र तिने वाढवला. पळसाच्या सालीच्या दोऱ्या करून तिने तो कुंपणाला असा बांधला होता की शेंगा सगळ्या आतल्या बाजूला लोंबायच्या, बकरीच्या तोंडाला लागायच्या नाहीत.

डिसेंबरात गुरुजींनी सांगितलं की केंद्रप्रमुख साहेब परसबाग पाहायला येणार आहेत. पालकांनाही बोलवायचं, मुलं बागेची माहिती सांगतील, मग बागेतल्याच भाजीचं जेवण.

"वालाचं तिलेच सांगू द्या," गुरुजी म्हणाले. "दोन वाक्यं. तिच्या बापाच्या कानावर एकदा आवाज पडला ना, मग त्याले मी पाहतो."

मी तिला दोन वाक्यं दिली. ही आमची परसबाग आहे. या शेंगा मी लावल्या. तिने भुवया उचलल्या. मी विचारलं, "बोलशील?" पुन्हा भुवया. मला खरंच वाटलं की बोलेल.

त्या शनिवारी शाळेपुढे शेण-सडा होता. केंद्रप्रमुख साहेब फटफटीवर आले, भला माणूस, बोलका. पालक हातपंपाजवळ उभे होते, त्यांत तिचे वडील. एका मुलाने वांग्यांची माहिती धडाधडा सांगितली आणि चुकून टमाटराचीही सांगून टाकली, तेव्हा टमाटराची मुलगी रडकुंडीला आली. मग तिची पाळी. ती पुढे आली. वेलाला एका हाताने धरलं. मी तिच्यामागे उभी होते आणि मनातल्या मनात ती दोन वाक्यं म्हणत होते. ती उभीच राहिली.

"लाजते," साहेब म्हणाले. "असू दे. बाग बोलते ना तिची."

तिचे वडील बिडी शिलगावायला शाळेमागे गेले. गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चला, पंगत बसवा."

जेवण गावातल्याच बाईंनी रांधलं होतं, शाळेची खिचडी त्याच शिजवतात. भात, वरण आणि एका मोठ्या गंजात वालाच्या शेंगांची भाजी. साहेबांना आधी वाढलं. त्यांनी भाजीची तारीफ केली आणि पुन्हा घेतली. मुलांच्या ताटात बाईंनी भात-वरण वाढलं आणि त्या आत गेल्या. भाजीचा गंज तिथेच राहिला होता. मला वाटलं, त्या विसरल्या. मी चमचा घेतला आणि एकेका ताटात भाजी वाढत गेले. कोणी नको म्हटलं नाही. कोणी खाल्लंही नाही. मुलं भात-वरण खात होती आणि भाजी ताटाच्या कडेला जशीच्या तशी होती.

"का रे, आवडत नाही?" साहेब म्हणाले. "मॅगी करायची होती का?"

मुलं ताटात पाहत राहिली. मी पंगतीत बसले. मला वाटलं आपण खाल्लं की ती खातील. "पाहा, किती छान झाली," असं म्हणून मी घास तोंडाकडे नेला.

"ताई, तिनमा."

आवाज माझ्या उजवीकडून आला. जरा घोगरा होता. मी वळून पाहिलं, तर ती मुलगी माझा हात धरायला अर्धी उठली होती.

"नोको खाऊ," ती मराठीत म्हणाली. "पंडुम नाई झाला."

मी घास ताटात ठेवला.

बाई आतून धावत आल्या. गंज रिकामा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "काय केलं बाई तुम्ही! हे पाहुण्यांसाठी होतं. लेकरांले कायले वाढलं?"

मग उलगडा झाला. या गावात नवं पीक निघालं की पंडुम करतात. गावाचा भूमिया, म्हणजे पुजारी, ते नवं पीक आधी देवाला देतो आणि मग सगळं गाव एकदम खातं. त्याआधी गावातलं कोणी तोंडाला लावत नाही. धान असो, मोहफूल असो, आंबा असो. शेंगाही त्यात आल्या. वालाच्या पंडुमाचा दिवस भूमियाने अजून सांगितला नव्हता.

मला हे अगदीच नवीन नव्हतं. आमच्या घरी नव्या तांदळाचं तसंच असतं. देवापुढे वाढल्याशिवाय आई कोणाला शीतही उचलू देत नाही. पण शाळेच्या कुंपणावरची शेंग त्यात मोडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शाळेची ती शाळेची, असं मी धरून चालले होते. गुरुजीही तसंच धरून चालले होते. आणि बाईंना वाटलं, गुरुजींनी पाहुण्यांसाठी शिजवायला सांगितलं म्हणजे ती पाहुण्यांसाठीच आहे, यात काय विचारायचं.

गुरुजी साहेबांना म्हणाले, "सर, रमजानच्या रोज्यात आमच्या घरी फळं कापून ठेवलेली असतात. लहान पोरंही हात लावत नाहीत वेळ होईपर्यंत. तसं समजा."

साहेबांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. "मी तर दोनदा घेतली हो."

"तुमाले काई नाई होत सायेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाहुणे."

"नक्की?"

"फटफटी जरा हळू चालवा, म्हंजे झालं."

हातपंपाजवळची माणसं मोठ्याने हसली आणि साहेबही हसले. मी बाईंना म्हटलं, "मग मीपण पाहुणीच की." त्या काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, "तू नाई. तू आमच्या इथी जेवते." मग म्हणाली, "नाल्यात वाघ येते. तू सायकलनं जाते."

पंडुमाआधी खाल्लं की जंगलात वाघ आडवा येतो, असं तिची आजी सांगायची, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती घाबरली आहे आणि माझ्या हाताकडे बघते आहे, मी पुन्हा घास उचलते की काय म्हणून. मी ताट बाजूला सरकवलं. तेव्हा ती खाली बसली आणि आपला वरण-भात खाऊ लागली.

तिचे वडील शाळेच्या कोपऱ्याशी येऊन उभे होते. बिडी हातात विझलेली. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "ते आमचीच बोल्ली का?"

"तुहीच ना. सायबापुढं बोल्ली. मराठीत बोल्ली."

"घरी तं कान खाते माहे," ते म्हणाले.

गुरुजी तिथूनच म्हणाले, "आता सांगा भाऊ. पाठवायची का नाही?"

"पाहू," वडील म्हणाले. पण पायरीवर बसून बोलले होते तसं बोलले नाहीत.

त्यानंतर ती बडबडी झाली, असं काही झालं नाही. पुढच्या शनिवारी मी उत्सुकतेने गेले तर ती दोनच वाक्यं बोलली, "हे फांदी वाळली" आणि "येर टाकू?" एकदा गुरुजींनी मुद्दाम धडा वाचायला उभं केलं, तर पुन्हा नुसत्या भुवया. ज्या गोष्टीची गरज आहे तेवढंच बोलायचं, असं काहीतरी तिचं ठरलेलं असावं. गुरुजी म्हणाले, "पुरे आहे. तापापुरतं पुरे आहे."

पंडुम झाला तेव्हा गावाने मलाही बोलावलं. देवळाजवळच्या झाडाखाली भूमियाने नव्या शेंगा ठेवल्या, कोंबडं कापलं, मग पानांवर सगळ्यांना मिळालं. शाळेच्या कुंपणावरच्या शेंगा तोपर्यंत निबर झाल्या होत्या. तरी बाईंनी त्यांचे दाणे काढून सोमवारच्या खिचडीत घातले. साहेबांसाठी मुलांनी थोडे दाणे ठेवले होते, पण साहेब परत आले नाहीत. ते दाणे मग बियाणं म्हणून ठेवले.

जूनमध्ये तिला आश्रमशाळेत टाकलं. मला आधी कोणी सांगितलं नाही, मी शाळा सुरू झाल्यावर गेले तेव्हा गुरुजींकडून कळलं. पावसाळाभर मला अधूनमधून वाटायचं की ती तिथे परत गप्प झाली असेल. नवीन वर्ग, खूप मुली, ओळखीचं कोणी नाही. माझं स्वतःचं कॉलेजातलं पहिलं वर्ष तसंच गेलं होतं, म्हणून जास्त वाटायचं. विचारावं कोणाला, तेही कळत नव्हतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "तक्रार नाही आली." यातून बरं समजायचं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

जानेवारीत अहेरीच्या बाजारात तिचे वडील भेटले. डोक्याला मफलर, खांद्यावर कापडी थैली. मी नमस्कार केला आणि थोडं अडखळतच विचारलं, "तिचं कसं चाललंय? बोलते का तिथे?"

"विचारू नोको बाई," ते म्हणाले. "मॅडमचा फोन आला होता."

मी लगेच विचारलं, "ताप?"

"कायचा ताप! तिथी पोरींले शेंगाची भाजी देतेत. हे खात नाई. सैपाकवालीले म्हणते, आमच्या गावचा पंडुम नाई झाला, मले दाळ दे. दोन पोरी आपल्या बाजूच्या गावच्या हायेत, त्यांच्या ताटातली पण काढाले लावली. मॅडम मले विचारते, तुमच्या गावचा पंडुम कधी हाय, एक वेळा सांगून टाका."

"मग?"

"मंग काय. परवा झाला. आता जातो सांगाले." त्यांनी थैलीचं तोंड उघडून दाखवलं. आत वालाच्या शेंगा होत्या, शाळेच्या कुंपणावरच्या की घरच्या, ते मी विचारलं नाही. त्यांनी मूठभर काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "घे. आता खाल्ल्या तं काई नाई."

त्यांची बस लागली होती, ते गेले. मी शेंगा ओढणीत बांधल्या आणि होस्टेलच्या स्वयंपाकीण बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "एवढ्याशा शेंगांचं काय करू मी?" मी म्हटलं, माझ्या एकटीपुरत्या करा.