बाकूहून येणारी कार्डं

सहदेव परबाला रशियातून मटक्याचे आकडे येतात, ही अफवा आमच्या घाटकोपरच्या चाळीत मीच उठवली. खरं तर ते आकडे बुद्धिबळाच्या चालींचे. तेव्हाच्या सोव्हिएत अझरबैजानातल्या बाकूचा एक ग्रँडमास्टर, देशोदेशी खेळणं सोडून मुलांना शिकवत बसलेला, टपाली स्पर्धेत परबाच्या वाट्याला आला होता. एका कार्डावर एक चाल. गिरणी बंद, बायको गेलेली. परबाला दुसरं कुणाचंच पत्र येत नसे. शहाऐंशीत डाव पुरता हातचा गेला, तरी पठ्ठ्या प्रत्येक उत्तर मुदत संपेपर्यंत लांबवायचा.

"अरे, हरलास ना? मग कळव की त्याला एकदाचं!" मी डिवचलं.

परब म्हणाला, "कळवतो रे. मग मला कार्ड तू पाठवशील?"