मेढ पुरता येत नाही अशी जमीन

घाटघरला चार महिने पाऊस कोसळतो, आणि तरी शिमग्याच्या आधीच आमचा झरा आटायचा. आई वाटीनं हंडा भरायची. भात निघालं, की दार ओढून घ्यायचं आणि बा, आई अन् मी खाली पिंपळवंडीला कांदालागणीला जायचं, लागण उरकली की परत यायचं. बांधावर आमचं पाल. माझी निम्मी शाळा वरच्या गावात, निम्मी खालच्या. दोन्हीकडच्या बाईंना मी दुसरीकडची वाटायचे.

एका साली तिथल्या बागायतदाराकडं लग्न निघालं आणि मांडवाच्या मेढी उभ्या करायचं काम बावर आलं. मेढ म्हणजे मांडवाचा खांब. बानं सवयीनं दगड गोळा केले, मेढीभोवती रचायला लागला. लोक हसायला लागले.

"अवो पावणं, धोंडं कशाला? खड्डा घ्या की!"

बानं पहार मारली. ती निम्मी आत गेली. संध्याकाळी आईला म्हणाला, "हाताला काय लागंनाच गं. नुसती माती." आमच्याकडं मेढ कुणी पुरत नाही. दगडांच्या ढिगात उभी करतात.

मला तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली होती. म्हणून पुढं जे घडलं ते सांगते.

आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगायला मला संकोच नाही. पुण्याला एम.एस्सी.ला गेले आणि प्रकल्प मिळाला तो जमिनीच्या मॉडेलचा. पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मुरलं, किती वाफ होऊन उडालं, हे संगणक गणितानं काढतो. सगळ्या मुलखाचे चौकोन पाडलेले, एकेका चौकोनाला एकेक उत्तर. ती उत्तरं खरी का, हे जमिनीत पुरलेल्या ओल मोजणाऱ्या यंत्रांशी ताडून बघायचं, एवढं माझं काम. फोनवर बाला सांगितलं.

"म्हंजी काम्पुटरचा पेपर तू तपासनार?"

"हां, तसंच."

"आन् नापास केलास तर त्याचा बाप भांडाया यील का?"

यंत्रं तीन गावांत बसवायची होती. पेठ आणि पिंपळवंडीला मी स्वतः जाऊन जिरायत तुकड्यांत बसवली. तिसरं घाटघर, ते मी हट्टानं घालून घेतलेलं. पण तिथं जायच्या वेळी माझी परीक्षा आली. यंत्र एसटीनं पाठवलं आणि बाला फोनवर समजावलं, "टोक आडवं ठेव. वर दोन फूट माती पाहिजे, बरं का." बा म्हणाला, "काळजी करू नको." मी फॉर्मवर लिहून टाकलं: खोली दोन फूट.

आकड्यांचं कार्ड बा दर महिन्याला कंडक्टरच्या हाती द्यायचा. वर्ष भरल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी तिन्ही आलेख पडद्यावर लावले.

"पेठ जुळतंय, पिंपळवंडी जुळतंय. घाटघर बघ. मॉडेल म्हणतंय होळीपर्यंत ओल आहे, तुझं यंत्र म्हणतंय दिवाळीलाच खडखडाट. एवढा पाऊस पडून? अगं, यंत्र बिघडलंय. काढून टाक ते ठाणं."

काढणं सोपं होतं. उरलेल्या दोन गावांवर मॉडेल पास, आणि वेळेवर मीही पास. पण मग कागदावर आमच्या चौकोनात होळीपर्यंत पाणी राहणार होतं. त्याच कागदावरून उद्या कुणी ठरवलं, की इथं टँकर कशाला, तर? वाटीनं हंडा भरणारी माझी आई खोटी पडली असती. मी दोन दिवस मागून घेतले आणि घरी गेले.

शेताच्या कोपऱ्यात मांडीएवढा उंच मातीचा ढीग. भोवतीनं दगड रचलेले. मधोमध माझं यंत्र.

"बा, हे काय?"

"तुजं यंत्र. मेढीवानी बसवलंय. हालतंय का बघ."

"अरे, जमिनीत पुरायचं होतं ना!"

"तू काय म्हनालीस? वर दोन फूट माती पाह्यजे. मंग घातली की वर! खाली कुटं घालू? खाली कातळ हाय."

"बांधाची माती पाटीनं मी वाह्यली," आई म्हणाली. "लई जड व्हती."

मी आधी चिडले. मग हसू आलं. मग बाचा चेहरा बघून हसू थांबलं. तो हळूच म्हणाला, "वाया गेलं का समदं?"

चूक त्याची नव्हतीच. आपल्या शेतात दोन फूट माती नाही, हे कातळावर वाढलेल्या मला ठाऊक नव्हतं का? पण छापील फॉर्म समोर आला आणि मी पिंपळवंडीची जमीन डोळ्यांसमोर धरली.

पुण्याला येऊन सरांना सगळं खरं सांगितलं, ढिगाचा फोटो दाखवला.

"म्हणजे यंत्र चुकीचंच होतं. वर रचलेला ढीग लवकर वाळणारच."

"हो सर. चूक माझी. पण तिथं दोन फूट मातीच नाही, म्हणून ते चुकलं. मॉडेल त्या चौकोनात माती किती धरतं?"

त्यांनी फाइल उघडून बघितली. "दोन मीटर."

"सर, आमच्याकडं मांडवाची मेढसुद्धा पुरता येत नाही."

मग मेढ म्हणजे काय ते सांगावं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "मोजून आण. एका शेताचं नको, सगळीकडचं. आणि यंत्र नीट बसव. वर्ष लांबेल तुझं."

वर्ष लांबलं. सुट्टीभर आम्ही तिघं कातळाच्या उघड्या सड्यावर, खाचरांत, झऱ्याच्या वर हिंडलो. बा पहार मारायचा आणि खण्ण आवाज आला, की मापायच्या आधीच सांगायचा, "वीत." "चार बोटं." आई पट्टी घालून बघायची. "बरुबर हाय, राव." मी लिहून घ्यायचे. क्वचित पहार खोल गेली, तर बा खूश व्हायचा. "हितं मांडव घालू गं तुजा!"

यंत्र जमिनीत, कातळाच्या वर बसवलं आणि एक अख्खा पावसाळा, त्यामागचा हिवाळा जाऊ दिला. जमीन दिवाळीच्या थोडं पुढं वाळली. दोन मीटर मातीचं मॉडेल तेव्हाही होळीपर्यंत ओलंच होतं. मग त्याला आमची मोजलेली माती दिली. ते आमच्या शेताबरोबर वाळलं. आठवडाभर इकडंतिकडं, पण वाळलं.

झरा अजूनही शिमग्याच्या आधीच आटतो. प्रबंधात घाटघर राहिलं. त्याच्यापुढं मी लिहिलं, की मॉडेल इथं दोन मीटर मातीवर चुकतं आणि वीतभर मातीवर जुळतं. माती मोजणाऱ्यांत बाचं आणि आईचं नाव छापलं आहे. मला एम.एस्सी. मिळाली.