पास्टरकाका आणि पेत्राची बायको

पास्टरकाका कुणालाच 'का पितोस?' असं विचारत नसत. कामठी रोडवरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवा माणूस आला, की त्यांचा पहिला प्रश्न असे, "जेवला का गा?" मग बायबलातल्या एलीयाची गोष्ट. जगणं नको झालेला तो संदेष्टा झुडपाखाली पडला होता. देवदूत आला, पण उपदेश न करता त्यानं भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. "उपाशी माणसाले प्रवचन देऊ नये, हे देवालेही समजते," काका म्हणत.

हे मला माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं मी त्याला गरम वाढत होते, तेही तोंडातून शब्द न काढता. मला कुणी देवदूत म्हटलं नव्हतं.

पिण्यापायी मिहानमधल्या कंपनीतली नोकरी गेल्यावर मीच त्याला तिथं दाखल केलं होतं. आमचं घर बौद्ध. मुलगा ख्रिस्ती होईल अशी सासूबाईंना धास्ती. काका त्यांना म्हणाले, "मावशी, मी याले चर्चात नाही नेऊन राहिलो. तुमच्या घरी वापस आणून राहिलो." सासूबाई निवांत झाल्या. मी नाही. रविवारी भेटायला जावं, तर सुधीर माझा डबा बाजूला ठेवून काकांची वाट बघत असे. घरी कधी न हसणारा माणूस त्यांच्यापाशी खळखळून हसे. दारूचासुद्धा मी इतका हेवा केला नव्हता.

एकदा घरच्यांसाठी बैठक होती. काकांनी पेत्राची गोष्ट सांगितली. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. आणि पुढे, मरणातून उठल्यावर, त्याच पेत्रासाठी येशूनं तळ्याकाठी मासे भाजले. "झालं ते उकरून नाही काढलं त्यानं. पयले म्हणे, ये, न्याहारी कर."

सुधीर उभा राहिला. म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता. मी पिऊन होतो. राँग नंबर म्हणून ठेवून दिला." आणि अनोळखी माणसांसमोर तो ओक्साबोक्शी रडला. मला इतकी वर्षं त्यानं सांगितलं होतं, की फोन लागलाच नाही.

बैठक संपताच मी काकांना व्हरांड्यात गाठलं. "मी बायको आहे त्याची. माझ्याजवळ काहून नाही रडला तो?"

काकांनी एक खुर्ची पुढे ओढली. "पेत्राले बायको होती, माहीत आहे तुले? त्याच्या सासूचा ताप उतरला, हे बायबलात लिहून ठेवलं आहे. बायकोनं काय सोसलं, एक ओळ नाही. बस वं. तू सांग, मी ऐकतो."

मी बोलत सुटले. त्यांनी मध्ये एकही गोष्ट सांगितली नाही. निघाले तर सुधीर फाटकापाशी उभा. "इतका वेळ काय बोलून राहिली होती काकांशी?" त्याच्या आवाजातलं ते कुसळ मला चांगलंच ओळखीचं होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. "नाही सांगत," मी म्हणाले.

सुधीर घरी आला, एकदा घसरला, पुन्हा केंद्रात गेला. आता तीन वर्षं झाली, त्यानं थेंबाला हात लावलेला नाही.

यंदा काका गेले. चर्चचं अंगण माणसांनी भरलं होतं आणि जो तो सांगत होता, काकांचा जीव माझ्यावरच जास्त होता. मला त्या सगळ्यांचा राग आला. मी आत जाऊन काकांच्या बायकोजवळ, काकूंजवळ बसले.

"लई जळत होती मी तुम्हा साऱ्यांवर," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "साऱ्या गोष्टी तिकडेच. घरी आले का चूप. थकून जात होते ना." मला मान वर करवेना. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "मले सांगतं का वं एखादी? ते सांगत तशी?"

सुधीर त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. आम्ही एलीयापासून सुरुवात केली. मी चुकले की तो सांगे, तो अडला की मी. दुपार टळेपर्यंत काकू ऐकत होत्या.