आडवा हातोडा

महादू लोहार गेला ही बातमी मला कोणी येऊन सांगितली नाही. ती भिंतीतून आली. ठाण्यात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचे दुकान आणि माझी वाचायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या दुपारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी पुस्तक घेऊन बसलो होतो. पलीकडे लहान हातोडा आणि मोठा घण यांचे नेहमीचे चालले होते... टिक, धड... टिक, धड... मग एक वेगळाच आवाज झाला, लोखंडावर लोखंड लवंडल्यासारखा, आणि सगळे शांत झाले. काम संपले असेल असे वाटून मी पान उलटले. जरा वेळाने महादूच्या बायकोचा, भागूचा आवाज आला, "अवं, लाल हाय की अजून. थांबला का?" "अवं..." ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या खेपेला जे ऐकू आले त्यात शब्द नव्हते.

मी धावत गेलो. महादू ऐरणीपाशी बसल्या जागीच भात्याला टेकलेला होता. सांडशी डाव्या मुठीत तशीच होती आणि तिच्या तोंडातले लोखंड हळूहळू काळे पडत होते. गल्लीच्या टोकाचे वैद्य आले. त्यांनी मनगट धरले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले आणि अगदी जपून खाली ठेवले. काळीज थांबले, म्हणाले. सकाळीच हा माणूस माझ्या ओट्याशी उभा राहून सुपारी कातरत होता! काही आठवडे लोटले, तरी हे दोन्ही एकाच दिवशी घडले हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती समजण्यासाठी लोहाराचे काम कसे चालते ते सांगायला हवे. बसलेला माणूस डाव्या हाताने सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्याने एक टिचकी मारतो. ती टिचकी जिथे पडेल तिथेच उभ्या माणसाने घण घालायचा. बोलणे नाही. बोलले तरी त्या आवाजात ऐकू कोणाला येणार? थांबायचे असले म्हणजे बसलेला माणूस हातोडा ऐरणीवर आडवा ठेवतो. तो आडवा झाला की घण खाली. महादूच्या दुकानात घण भागूच घालीत असे. लग्न होऊन आली तेव्हापासून. "त्यांच्या तोंडाकडं बघाया सवड कुठली मास्तर," ती एकदा मला म्हणाली होती. "नजर हातोड्यावर. तोंड बघाया गेलं तर घण पायावर बसंल."

त्या दुपारी महादूच्या हातातून हातोडा सुटला आणि ऐरणीवर आडवा पडला. भागूने घण खाली ठेवला. पदराने तोंड पुसले आणि वळून माठातले पाणी प्यायली. "मला वाटलं, थांब म्हनाले..." समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती. सांगत कसली, विचारीत होती. रडत नव्हती. माणूस मेला त्या क्षणी त्याने आपल्याला हुकूम दिला आणि आपण तो पाळला, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हते.

महादू मूळचा कल्याणचा. वडिलोपार्जित ऐरण बैलगाडीत घालून तो इकडे आला, कारण खाडीवरच्या होड्या आणि मिठागरे यांना लोखंडाचे काम लागते. मी शेजारी राहायला आलो त्या आठवड्यातच डोके धरून त्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो होतो. त्याने हातातले काम न सोडता माझे ऐकून घेतले. "तुमचं काम मुकं, माजं बोलकं," तो म्हणाला. "मुक्यानं बोलक्याशी भांडावं कसं? बसा, च्या घ्या." चहा त्याच्याकडे नव्हताच. गूळपाणी मिळाले. पुढे त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की तो चालू असल्याशिवाय वाचनात लक्ष लागेना. हे त्याला सांगितल्यावर तो भागूकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? मास्तरांची शाळा आपन चालिवतो."

त्याला हत्यारांना नावे ठेवायची खोड होती. भिंतीवर सांडश्या टांगलेल्या असत, कोणाचे तोंड चपटे, कोणाचे गोल. लांब चोचीची ती बगळा. एक बुटकी होती, जाड जबड्याची, तिचे नाव आत्याबाई. का, म्हणून मी विचारले. "धरलं की सोडत न्हाई," तो म्हणाला. त्याची सख्खी आत्या त्या वेळी दाराशीच बसली होती आणि तिने फेकून मारलेली वहाण माझ्या कानाजवळून गेली. तो हसला की आधी खांदे हलत, आवाज मागून येई... आता लिहितानाही मी त्या आवाजाची वाट पाहतो आहे असे वाटते.

तेराव्यानंतर लवकरच त्याचा थोरला भाऊ रामजी कल्याणहून रिकामी बैलगाडी घेऊन आला. रामजी वाईट माणूस नव्हे. ओट्यावर बसून त्याने मला सरळ सांगितले, "मास्तर, ऐरण घराण्याची. बसनारा पुरुष न्हाई तिथं ती ठिऊन काय करायची? भागूला आमी उपाशी ठेवनार न्हाई. येईल तिकडं, राहील आमच्या पोराबाळांत." भागू आत होती. थोरल्या दिरासमोर ती कधी येत नसे, आली तर पदर नाकापर्यंत. पण ऐरण गेली म्हणजे काय होणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होते. दुकान मिटणार, आणि जिने सगळा जन्म घण चालवला ती बाई उरलेला जन्म दुसऱ्याच्या चुलीपुढे राख काढीत बसणार. कळव्याहून तिचा धाकटा भाऊ नारू आला होता. तो दाराशी ओठ चावीत उभा होता. बहिणीच्या दिरापुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

अडवले ते कोलशेतच्या पोशा नाखव्याने. महादू गेला तेव्हा सांडशीत जे लोखंड होते तो पोशाच्या होडीच्या नांगराचा आकडा होता. आकडा घडून झाला होता, दांड्याला जोडायचा राहिला होता. पोशा येऊन थेट ऐरणीवरच बसला. "माजा नांगर जोड, मंग ऐरण ने," तो रामजीला म्हणाला. "होडी काय तुज्या बैलाच्या शेपटीला बांदू?" रामजी म्हणाला, घण घालायला माणूस कुठे आहे? "हाय की घरात. दांडा मी धरतो."

भट्टी पुन्हा पेटली. इतके दिवस मुकी असलेली ती भिंत मी सोडली आणि दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. रामजी महादूच्या जागी बसला. भागू घण घेऊन पुढे आली, पदर ओढलेला, मनगटे मोकळी. रामजीने आकडा धरायला बगळा उचलला. भागू त्याच्याशी बोलेना, पोशाला म्हणाली, "नाखवा, त्यांना सांगा, आत्याबाई घ्या." पोशा गोंधळला. "आत्याबाई? मयताला आलेली ती अजून गेली नाय का?" नारू हसला, मग रामजीही हसला, आणि भागूने हनुवटीने भिंतीवरची बुटकी सांडशी दाखवली.

आकडा आणि दांडा, दोन्ही टोके पांढरी होईपर्यंत तापवली. जोड धरावा म्हणून त्यांवर वाळूची चिमूट टाकली आणि ती ऐरणीवर एकमेकांवर ठेवली. अशा जोडाला वेळ फार थोडा असतो, ताव उतरायच्या आत घाव बसले पाहिजेत. टिक, धड... टिक, धड... रामजीची टिचकी महादूपेक्षा जड होती, पण भागूचा घण तिच्यामागे बिनचूक जात होता. तिची नजर हातोड्यावरून हलत नव्हती. पूर्वी प्रत्येक घावाबरोबर तिच्या बांगड्या वाजत. ते इतकी वर्षे भिंतीपलीकडून मी ऐकत होतो, हे त्या दिवशी त्या वाजल्या नाहीत तेव्हा मला कळले. जोड बसला. रामजीने दांडा उलटून पाहिला, मान हलवली आणि कोणत्याही लोहाराने ठेवला असता तसा हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला.

भागूच्या हातातला घण बाजूला पडला. पोशाने पाय मागे घेतला म्हणून वाचला. ती ऐरणीला वळसा घालून गेली आणि ज्या दिरासमोर तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नव्हता त्याचे दोन्ही खांदे धरून त्याचे तोंड वर करून पाहू लागली. "अवं," ती म्हणाली, "अवं, बोला... बोला की..." पदर खांद्यावर पडला होता. रामजीचा चेहरा मी पाहत होतो. आधी त्याला राग आला. मग त्याची नजर त्या आडव्या हातोड्यावर गेली, आणि आपला भाऊ कसा गेला हे त्याला बहुधा तेव्हाच उमगले. "मी हाय गं," तो हळू म्हणाला. "रामजी हाय. जिता हाय." तेव्हा कुठे तिचे हात सुटले. आणि ती रडली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

रामजीने बैल जुंपले ते संध्याकाळी. गाडी आली तशी रिकामी होती. जाताना तो नारूला म्हणाला, "घण पेलंल का तुला?" नारू म्हणाला, पेलेल. "मग तू उभा ऱ्हा. बसंल ती." भागूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, पण तिच्याकडे पाहिले नाही.

आता महादूच्या जागी भागू बसते. डाव्या हातात बहुतेक वेळा आत्याबाई असते. आवाज पुन्हा सुरू झाला आहे, टिचकी हलकी आणि नारूचा घण थोडा मागे रेंगाळणारा. फक्त एक गोष्ट त्या दुकानातून गेली. हातोडा आडवा ठेवला जात नाही. थांबायचे झाले की हातोडा हातातच धरून ती मोठ्याने "पुरे" म्हणते. पहिल्या दिवशी नारू म्हणालाही, "अगं ताई, एवढ्यानं वरडाया मी काय बहिरा हाय?" ती म्हणाली, "असू दे. तोंडानं सांगितलेलं बरं."

भिंतीच्या या बाजूला मी पुस्तक उघडून बसतो. घण थांबतो. पानाचा कोपरा माझ्या बोटांत असतो, पण तो शब्द ऐकू येईपर्यंत मी पान उलटत नाही.