खिडकीतल्या बाईचा भाग

मंगळवारी सकाळी माझी बहीण गेली. ऑफिसला जायला निघाली, जिन्यात बसली आणि उठली नाही. त्या रविवारचा भाग तिने लिहायचा होता.

भाग म्हणजे आमच्या गोष्टीचा. फोनवर आमचा आठ जणांचा ग्रुप होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मीच तो सुरू केला. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात आमचं सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी घरात राहिली. मी स्वतः जन्मभर हिंदीच शिकवली. मराठीत काही लिहावंसं वाटणारी माणसं शोधता शोधता वर्ष गेलं. रावेरचे एक निवृत्त पोस्टमास्तर मिळाले. तुकईथडची एक शिक्षिका, जिच्या घरी केळीची शेती होती. बुधवारा मोहल्ल्यातला एक कापड दुकानदार, माझा जुना विद्यार्थी. आणखी तिघं. मग मी आणि माझी बहीण.

आठ जणांनी मिळून एकच लांबलचक गोष्ट लिहायची. ती एका बसस्टँडवर घडत होती. दर रविवारी एक भाग, क्रम ठरलेला. प्रत्येकाचं एक पात्र, आणि ते काय करणार हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. त्यात माझा एक खास नियम होता: पुढे काय लिहिणार ते संयोजकाला आधी सांगायचं नाही. मला निदान रविवारी तरी नुसतं वाचक व्हायचं होतं.

बहिणीचं पात्र म्हणजे बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसणारी बाई. सगळ्यांना गाड्यांच्या वेळा सांगणारी, स्वतः कधीच कुठे न गेलेली. आपल्या मागच्या भागाच्या शेवटी बहिणीने तिला खिडकी बंद करायला लावली, हातात पिशवी दिली आणि एका उभ्या बसच्या दाराशी आणून सोडलं. तिथेच भाग संपला. पुढचे सात आठवडे बाकीच्यांनी आपापलं लिहिलं, पण विचारायचे सगळे एकच, की बाई बसली का?

मीही विचारलं. लोधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. ती भाजी निवडत होती.

"मला तरी सांग ना," मी म्हणाले.

"नियम कोणाचा?"

"माझा."

"मग रविवारी वाच, संपादकबाई. आणि ही मेथी घे, अर्धी तू निवड. फुकट वाचायला मिळतं तुला."

ती गेल्यावर पाचव्या दिवशी, रविवारी, ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मग दुकानदाराने लिहिलं, "मॅडम, आपण सगळे मिळून त्या बाईला बसमध्ये बसवून देऊ. मतलब, निरोप म्हणून." बाकीच्यांना ते पटलं. पोस्टमास्तरांनी तर पहिलं वाक्यही सुचवलं.

मला ते सहन झालं नाही. आणखी एकदा तिला जाताना मला बघायचं नव्हतं, कागदावरही नाही. मी तिचा फोन उघडला. तो उघडायचा आकडा मला माहीत होता, तेवढं झाकलेलं आमच्यात काही नव्हतं. आत तिने काही लिहून ठेवलंय का, ते शोधलं. काही नव्हतं. मग मी तो भाग लिहिला. बाई बसच्या दाराशी थोडा वेळ उभी राहते, वळते आणि परत येऊन खिडकी उघडते. तिचं लिखाण मीच तपासत आले होते, त्यामुळे तिचा लिहिण्याचा हात मला ठाऊक होता. प्रत्येक परिच्छेद ती 'मग'ने सुरू करायची आणि मी ते खोडायचे. या वेळी सगळे 'मग' ठेवले. तिच्याच नंबरवरून तो पाठवला आणि खाली माझ्या नावाने लिहिलं: हा तिने आधीच लिहून ठेवला होता.

सगळे हेलावले. पोस्टमास्तरांनी तो भाग घरी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवला. बुधवारी दुपारी तुकईथडच्या शिक्षिकेचा फोन आला. तिची आणि बहिणीची मैत्री या ग्रुपवरच झाली होती.

"ताई, रागावू नका. ते तिचं नाही."

"कशावरून?"

"तिने मला सांगितलं होतं. बाई बसणार होती."

नियम फक्त संयोजकापुरता होता, मैत्रिणीला सांगायला कसली मनाई नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"कुठल्या बसमध्ये?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. रविवारी वाच म्हणाली." मग ती म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, तुझ्या ताईला सांग ना, तिला बरं वाटेल. तर म्हणाली, जाने दे, ताईला नाही आवडणार. ती गप्प बसेल. आणि ती गप्प बसली की मला घरात जेवण जात नाही."

फोन ठेवताना ती म्हणाली, "ग्रुपवर मी नाही बोलणार. तुम्ही बघा."

मी दोन रविवार काही केलं नाही. तोवर गोष्ट पुढे गेली. ज्यांची पाळी होती त्या दोघांनीही आपापलं पात्र त्या खिडकीवर पाठवलं, नमस्कार करायला गेल्यासारखं. बाई सगळ्यांना गाड्यांच्या वेळा सांगत बसली होती. माझ्या बहिणीला जे नको होतं, ते ती दोघं तिच्याच आठवणीसाठी मनापासून लिहीत होती, आणि मी त्यांच्या वेलांट्या सुधारत होते.

तिसऱ्या रविवारी मी ग्रुपवर खरं ते लिहिलं. चार ओळी. त्यात मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. माझा भाग पुसावा म्हटलं, तर सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत कधीच उलटून गेली होती.

दुकानदाराने लिहिलं, "मॅडम, गोष्टच तर आहे. टेन्शन नका घेऊ. पुढे चालू." पोस्टमास्तरांचं उत्तर संध्याकाळी आलं. "ते तिचे शेवटचे शब्द म्हणून मी माझ्या नातवंडांना वाचून दाखवले. आता त्यांना काय सांगू?" मग ते ग्रुपमधून निघून गेले. आठवड्याने शिक्षिकाही गेली. जाताना तिने मला वेगळा निरोप पाठवला: "ताई, तुमच्यावर राग नाही. पण मला तिथे आता लिहवत नाही."

मी तिला एकदा फोन केला. बहीण त्या दिवसांत आणखी काही बोलली होती का, एवढंच विचारायचं होतं. तिने सगळं आठवून सांगितलं. हवापाणी, ऑफिस, माझे गुडघे. बसबद्दल आणखी काही नव्हतं.

त्यानंतर मी बरेच दिवस तो भाग पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. बाईला बसमध्ये चढवते, खिडकीपाशी जागा देते. पुढचं वाक्य येत नाही. मी लिहिते ती बाई मान वळवून स्टँडकडेच बघत राहते, आणि माझी बहीण तिला तसं बघू देणार नव्हती. किंवा देणार होती. मला माहीत नाही. एका घरात राहून मला ते माहीत नाही.

ग्रुप अजून आहे. त्यात सहा नंबर आहेत, त्यांतला एक तिचा. रविवारी कुणी काही पाठवत नाही.