तुसाची राख आणि लाल काड्या

मी सरकारी आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. गोंदिया तालुक्यातल्या गावांमधून आलेली थुंकी, रक्त तपासायचं आणि कागदावर दोन शब्द लिहायचे, एवढंच माझं काम. त्या दोन शब्दांपायी लोकांच्या घरात काय काय होतं, ते मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं. निभावलं, म्हणून आज सांगायला तोंड आहे.

माझा स्वभाव तापट. मायक्रोस्कोपला कुणी हात लावला की डोकंच फिरतं. कॉलेजात आम्ही शिकलो ते एका डोळ्यानं बघायच्या, खाली आरसा असलेल्या जुन्या यंत्रावर. ऊन असलं तर दिसायचं, आभाळ आलं की सुट्टी. सर सांगायचे, पहिली यंत्रं तर याहून साधी होती. धातूच्या पट्टीत बसवलेला काचेचा एक मणी, आणि तेवढ्यातून लोकांनी पाण्यातले जीव पाहिले. आता माझ्याकडे दोन डोळ्यांनी बघायचं, खाली दिवा असलेलं यंत्र आहे. भिंगाला लागलेलं तेल मी रोज कामानंतर मऊ कागदानं टिपते आणि वर टोपी घालते. घरच्या मिक्सरची मी एवढी काळजी घेत नाही, असं नवरा म्हणतो. खरंच घेत नाही.

त्या हिवाळ्यात नव्या काचपट्ट्या वेळेवर आल्या नाहीत. थुंकीला दरवेळी कोरी नवी पट्टीच हवी, हा नियम मला पाठ आहे. पण बाहेर बाकावर माणसं खोकत बसलेली असतात. मी रक्ताच्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि उकळून धुवायला मावशींकडे दिल्या. मावशी म्हणजे आमच्या केंद्रातल्या सफाईच्या बाई. पट्ट्या परत आल्या त्या अशा लखलखीत, की मी खूश होऊन त्यांना शाबासकी दिली. कशानं धुतल्या ते विचारलंही नाही.

त्यातल्याच एका पट्टीवर कामठ्याकडच्या एका सुनेची थुंकी आली. पंचविशीची पोर, कडेवर नऊ महिन्यांचं लेकरू. धान चुरायला, म्हणजे मळायला घेतल्यापासून तीन आठवडे खोकला. पट्टी रंगवली, तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं. निळ्या पेशींमध्ये बारीक लाल काड्या. क्षयाचे जंतू असेच दिसतात. मोजक्याच होत्या, पण होत्या. मी तसं लिहून दिलं. डॉक्टरांनी दुसरा नमुना गोंदियाला मशीनवर पाठवला. तो अहवाल आला की औषध सुरू करू, तोवर मास्क बांध आणि बाळाला अंगावर पाजत राहा, असं तिला नीट समजावलं.

आठ दिवसांनी तिच्या गावच्या आशाताई भलत्याच कामाला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "त्या पोरीले धानाच्या कोठीत ठेवलं जी. ताट-गिलास वेगळा. लेकरू सासूपाशी, त्याले बकरीचं दूध पाजून राहिले. हिच्या छातीत दूध दाटून गाठी झाल्या, रडून राहिली बिचारी."

"डॉक्टरांनी पाजायला सांगितलं होतं ना?" मी ओरडलेच.

"सासू ऐकते का?"

मशीनचा अहवाल अजून आला नव्हता. तिची पट्टी मी डब्यात जपून ठेवली होती, ती काढून पुन्हा यंत्राला लावली. काड्या होत्याच. पण या खेपेला काहीतरी खटकलं. जंतू कसेही पडलेले असतात, जरा वाकलेले असतात. या सगळ्या सरळसोट, आणि बऱ्याचशा एकाच दिशेनं. मी भिंग वर-खाली करणारी बारीक चकती केसभर फिरवली. काड्या ठळक झाल्या आणि पेशी पुसट. उलटी फिरवली, तर पेशी ठळक आणि काड्या गायब. म्हणजे काड्या थुंकीत नव्हत्याच. त्या खाली, काचेत होत्या.

मी तशीच मागच्या अंगणात गेले. मावशी नळाशी बसून पट्ट्या घासत होत्या. बोटं काळी झालेली.

"हे काय लावता?"

"तुसाची राख जी. मिलातली. भांडे कसे चकाचक होतात याच्यानं! काऊन, काय झालं?"

आमच्याकडे राईस मिल पावलोपावली आणि धानाच्या तुसाची राख फुकट. या राखेनं पितळ घासत नाही असं घर सापडायचं नाही. माझ्याही मोरीत तिचा डबा आहे. ही राख काचेवर ओरखडे काढते, ओरखड्यात लाल रंग अडकतो आणि मग पट्टी आम्लानं धुतली तरी निघत नाही, हे मावशींना नव्हे, मला सुचायला हवं होतं. ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

खात्रीसाठी घासलेली एक कोरी पट्टी थुंकी न लावताच रंगवली. भिंगाखाली लाल काड्याच काड्या! स्वतःच्या चुकीचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. खुर्चीत बसून एकटीच हसले. मग रजिस्टर दोनदा चाळलं. त्या पट्ट्यांवर आणखी कुणाला जंतू लिहिले नव्हते. शेजारच्या केंद्रातून नव्या पट्ट्या मागून आणल्या आणि आशाताईंकडून सुनेचे दोन ताजे नमुने मागवले. डोळे दुखेपर्यंत पाहिलं, एकही काडी नाही. दुसऱ्या दिवशी मशीनचा अहवालही तसाच आला. डॉक्टर माझ्यावर भरपूर चिडले, ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "खोकला धुळीचा दिसतो, औषधाला तिला पाठवून द्या. पण सांगायला तुम्हीच जा."

स्कूटीनं गेले. सासू ओसरीवर लेकरू घेऊन बसली होती.

"आजी, तुमच्या सुनेला क्षय नाही. चूक माझी झाली. काचेवरचे ओरखडे मी जंतू समजले."

"नाई म्हंजे नाई?"

"नाही म्हणजे नाही. पुन्हापुन्हा तपासलं."

"मंग दहा दिवस माह्या सुनेले आमी कायले कोंडलं?"

डॉक्टरांनी दूध पाजायला सांगितलं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "माझ्यामुळे."

सून कोठीच्या दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ येऊन सासूच्या मांडीवरून लेकरू उचललं आणि उंबऱ्यावरच बसली. ते आधी तिच्या तोंडाकडे टकामका बघत राहिलं, मग पदरात शिरलं. ते पिऊ लागल्याचा आवाज आला आणि माझी छाती इतकी हलकी झाली, की मला रडूच फुटलं. मी पुन्हापुन्हा माफी मागत होते.

लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत, मान वर न करता ती म्हणाली, "मरायचं भ्या नवतं जी. हे मले विसरून जाते का काय, त्याचंच भ्या होतं."